दुरै अण्णाच्या टेपखाली

बायकोलाही हे माहीत नाही. तिला माझं बाकी सगळं माहीत आहे, बारावीचे गणिताचे मार्कसुद्धा, पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, तेही मला नीट कळलेलं नाही.

आधी माझी खोड सांगतो. मी इचलकरंजीचा. चेन्नईला आलो तो गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात, टेस्टिंगला. म्हणजे काय, तर काच वरखाली करायचं बटण मशीनवर लावायचं आणि कितव्या दाबाला मोडतं ते बघत बसायचं. बाकीच्यांना कंटाळा यायचा, मला मजा वाटायची. लहानपणी आई म्हणायची, ह्याच्या हातात रेडिओ देऊ नका, आतली बाई शोधायला उघडेल.

मग एका दोस्ताच्या नादानं नोकरी सोडून बँडच्या मागं लागलो. नाव सांगत नाही — पण इथं कुठल्याही शेअर ऑटोत बसा, त्यांचं एखादं गाणं लागलेलं असतंच. स्टेजवर पाच जण दिसतात. मागे आम्ही अकरा जण, काळे टी-शर्ट घातलेले, केबली ओढणारे, गिटारी लावून देणारे. दिसायचं नाही हीच आमची नोकरी. मला ती शिकवली दुरै अण्णानं. वीस वर्षांनी मोठा माणूस, बँड कॉलेजांत वाजवायचा तेव्हापासून त्यांच्याबरोबर. ड्रमचा स्टँड बोटभर सरकला तरी ह्याला लांबून कळायचं. मला तंबी म्हणायचा, म्हणजे धाकटा भाऊ. माझं तमिळ ऐकून पोट धरून हसायचा, आणि मग तेच वाक्य मला पुन्हा नीट म्हणायला लावायचा.

आता एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. वायरलेस माइकमध्ये दर शोला दोन नवे पेन्सिल सेल घालायचे. जुने चांगले असले तरी काढायचे. काढलेले सेल आमच्या घरी जायचे. अकरा घरांतली भिंतीवरची घड्याळं त्यांवरच चालायची. नवे सेल घातले की अण्णा झाकणावर पांढऱ्या टेपचा तुकडा लावायचा, त्यावर तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं तमिळ अक्षर. ती टेप लागली की गायकानंसुद्धा झाकणाला हात लावायचा नाही.

आणि माझं डोकं बघा! वेलचेरीच्या माझ्या खोलीतलं घड्याळ अशा एका सेलवर वर्षभर चाललं. मग आपण काढून टाकतो ते सेल माइकमध्ये आणखी किती टिकले असते? दोन शो? तीन? कुणी बघितलंच नव्हतं. बघायची गरजच कुणाला होती? नसती उठाठेव, दुसरं काय.

मुख्य माइकला मी हात लावला नाही, एवढी अक्कल होती. पण प्रत्येक शोला एक जोडमाइक चालू करून बाजूला ठेवतात, अडीअडचणीला. मी आल्यापासूनच्या चार वर्षांत तो एकदाही लागला नव्हता. त्यात मी सेलांची एक जुनी जोडी घालून बघत होतो, आणि त्या संध्याकाळी तिचा तिसरा शो होता. अण्णा चहाला गेला. मी त्याची टेप नखानं उचलली, त्यानं घातलेले नवे सेल काढून खिशात टाकले, माझे जुने घातले. टेप होती तशी परत दाबली — त्याच्या अक्षरासकट.

शेवटून दुसरं गाणं, त्यांचं सगळ्यांत गाजलेलं. गायकानं नेहमीप्रमाणे डोक्यावर पाण्याची बाटली ओतली आणि पाणी माइकमध्ये गेलं. नुसती खरखर. अण्णानं लगेच जोडमाइक उचलून त्याच्या हातात दिला. माझ्यासमोरच्या यंत्रावर त्या माइकच्या बॅटरीची एकच कांडी उरली होती, तीही लुकलुकत. ओरडायला किती वेळ लागतो? सेल बदलायला दहा सेकंद, आणि नवे सेल माझ्याच खिशात! पण ओरडलो असतो तर टेप उघडावी लागली असती. मी गप्प बसलो.

कडव्याच्या मधोमध आवाज गेला. आणि — हे खरं लपवलेलं — मला आधी भीती वाटली नाही. मी आधी घड्याळ बघितलं. तीन शो मिळून अकरा तास. मनात आलं, अरे वा, बरेच चालले की.

मैदानानं गाणं उचललं, शेवटपर्यंत म्हटलं. गायक आजही मुलाखतींत कौतुकानं सांगतो, माइक मेला आणि चेन्नई गायली. पण स्टेजवरून उतरल्यावर त्यानं सगळ्यांसमोर माइक उघडला. टेप अण्णाची, अक्षर अण्णाचं, आतले सेल पार मेलेले. मला वाटलं, आता अण्णा भडकणार. मी नवे घातले होते म्हणणार. तो ती टेप बोटावर घेऊन बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऐयो... मीच घातले असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन गेला, आता येऊ नका. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि त्याच्या जागी कोण लागलं, विचारा ना. टेपवर आता माझं अक्षर असतं.

अण्णा हल्ली गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात गोदाम सांभाळतो. मी अधूनमधून भेटायला जातो. का जातो? आधी वाटायचं, सांगायला जातो. आता वाटतं, बघायला जातो — अजून काय काय मोडलंय ते. ह्याची मला लाज वाटते, तरी जातो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्याची पाळी संपत होती. त्यानं गोदामाला कुलूप लावलं, दहा पावलं चालला, मागे फिरून कुलूप ओढलं. पुन्हा निघाला, पुन्हा फिरला. घरी गॅसचंही असंच करतो म्हणाला. ड्रमचा स्टँड बोटभर सरकलेला लांबून ओळखणारा माणूस! तिसऱ्यांदा तो माझ्याकडं वळला. "तंबी, माझ्या हाताचा आता भरवसा नाही. तू ओढून बघ."

मी कुलूप ओढून बघितलं.

"लागलंय, अण्णे," म्हणालो.

"सरी," म्हणाला, म्हणजे ठीक. माझ्यावर विश्वास ठेवून निघाला, आणि मग एकदाही मागे वळला नाही.