आज्याच्या पानावरचे तीन हजार

आमच्या भिंगारच्या खोलीत सगळ्यात घाबरट प्राणी म्हणजे आजिनाथ, आमचा आज्या. गॅस बंद केला का, हे बघायला तो जिन्यावरून दोनदा परत येतो. नागापूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो आणि सुट्टीला, कुणी सांगितलेलं नसताना, आपल्या गावाची वेबसाइट चालवतो. गाव पुणतांबा. वरच्या धरणातून गोदावरीत किती पाणी सोडलं, तो आकडा हा पानावर टाकतो. काठावरचे लोक तो बघून पाण्यातल्या मोटारी वर काढतात.

गेल्या पावसाळ्यात सगळ्यांनी एकदम पान उघडलं आणि साइट झोपली. प्रत्येक माणसामागं पान डेटाबेसला नव्यानं विचारत होतं. तेव्हा आज्यानं कॅश, म्हणजे तयार पानाची साठवलेली नक्कल, बसवली. मला समजावलं ते असं:

"स्टँडवर खिडकीत प्रत्येकानं 'शिर्डी गाडी कधी?' विचारलं तर आतला माणूस येडा हुईल. म्हणून एकदा विचारायचं अन् पाटी लिहून लावायची. पुढचे पाटी वाचतील."

"आणि गाडीची वेळ बदलली तर?"

"दर पाच मिनिटांनी पाटी पुसतो की!"

यंदा ऑगस्टातला एक रविवार. गावात कडक ऊन, घाटमाथ्यावर धो-धो. सकाळी नऊला धरणावरून निरोप आला: तीन हजारांवरून थेट तीस हजार क्युसेक. आज्यानं आकडा टाकला आणि मोबाईलवर चारदा बघितला. मी म्हणालो, "पाचव्यांदा बघ, नाहीतर नदी रुसंल."

दीडला जेवताना त्यानं गावी चुलत्याच्या घरी, चुलतीला फोन लावला. पाणी गावात पोचायची वेळ झाली होती.

"काकू, तात्यांनी मोटार काढली ना?"

"कशाला?" छबूबाई म्हणाल्या. "तुझ्याच पानावर तीन हजार हाय की. बाराला बघितलं त्यांनी. पाइपाची जाळी तुंबली म्हणून आत्ताच गेलेत नदीत उतरायला. मोबाईल भिजंल म्हणून हितंच ठिवलाय."

आज्या ताटावरून उठलाच.

"काकू, पळा! तात्यांना भायेर काढा. पाणी येतंय!"

त्यांनी फोन तसाच टाकला असावा. पलीकडून नुसतं कुत्र्याचं भुंकणं येत होतं.

आज्यानं लॅपटॉप उघडला. चूक लगेच सापडली. उन्हाळ्यात पानावर कालव्याच्या आवर्तनाच्या, म्हणजे पाळीनं पाणी सोडायच्या, तारखांशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यानं पाटी पुसायच्या पाच मिनिटांचे सहा तास केले होते. पावसाळा आला, सहा तास तसेच राहिले. पावणेनऊला लागलेली पाटी पावणेतीनला पुसली जाणार होती. आणि आज्या मालक म्हणून लॉगिन असल्यानं पान त्याला पाटी दाखवतच नव्हतं, थेट डेटाबेसमधला ताजा आकडा देत होतं. खरा आकडा गावात कुणालाच दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त त्याला, भिंगारात बसून.

"पुसली," तो म्हणाला. "आता सगळ्यांना दिसतंय." मग माझ्याकडं बघून हळूच, "तात्यांना नाही."

गाव दोन तासांवर. आज्या एका पायात बूट घालून दारात उभा होता, ना आत ना बाहेर.

वीस मिनिटांनी फोन वाजला. तात्यांचा नंबर. तात्यांनी लावलाय की दुसऱ्या कुणी, कोण जाणे. आज्यानं फोन माझ्या अंगावर ढकलला. "तू घे." मी स्पीकर लावला.

"आज्या हाय का?" पुंजाराम तात्यांनाच धाप लागली होती. "मोटार गेली. पाइपबी गेला. तुझी काकू काठावरून अशी वरडली, मला वाटलं घर पेटलं. वर आलो अन् वळून बघतो, तर मी हुतो तिथं माझ्या डोक्यावरून पाणी."

आज्या पलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडायला लागला.

"रडतंय व्हय ते? रडू द्या. म्हनावं, हितून पुढं पानाला इचारून झालं की तुलाबी इचारीन."

आता पानावर आकड्याखाली तो किती वाजताचा, ते मोठ्या अक्षरांत येतं. पाटी मिनिटाला पुसली जाते. तरी पाणी सुटलं की तात्यांचा फोन येतोच: "आज्या, हे आत्ताचं हाय न्हवं?" आज्या लॉगआउट होतो, माझ्या मोबाईलवर बघतो, मग खालच्या किराणावाल्याच्या. तात्या तोवर काठावर उभे असतात. मग हा "हो" म्हणतो, आणि फोन ठेवून पुन्हा एकदा बघतो.