सुभद्रामावशीचं पाण्यातलं डालं

सुभद्रामावशीला मी शेवटचं जे बोलले, ते खोटं होतं.

"रविवारी येते मावशी. नक्की."

रविवारी मी जाणार नव्हते. नोकरीच्या गावी, हॉस्टेलच्या मुलींसोबत फिरायला जायचं आधीच ठरलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी ती गेली.
उद्या तिची तेरवी.

मावशी माझी सख्खी नव्हती. तेलंगणातल्या गुडीहत्नूरजवळच्या आमच्या गावात तिचं वावर आमच्या वावराला लागून. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पाणी गावच्या तळ्यातून, पंपानं.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी सुट्टीत घरी आले होते. तिच्या वांग्याच्या सरीत काहीतरी चमकत होतं.
मरळ माशाची पिल्लं. पंपानं तळ्यातून ओढून आणलेली. काही तुटलेली, काही चिखलात तोंड उघडून पडलेली.
पाण्यातल्या पाईपच्या तोंडाशी एक कासवाचं पिल्लू चिकटलं होतं. रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. मेलेलं.

मी मावशीला बायोडायव्हर्सिटी समजावली. अर्धा तास. अन्नसाखळीसुद्धा.
तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लेकरं मरून राह्यले, असं म्हन ना सरळ."

मग मी उपाय केला. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार होते, मला सगळं येत होतं.
मच्छरदानी कापली, चार पदरी केली आणि पाईपच्या तोंडाला घट्ट बांधली. फोटो स्टेटसला ठेवला.

दुपारपर्यंत मच्छरदानी शेवाळानं बुजली. पाणी येईना. पंप कोरडा फिरत राहिला, तापला, सील जळलं.

आदिलाबादहून मेकॅनिक आला. चिंधी हातात धरून म्हणाला, "अम्मा, ये किसने बांधा?"
मी मागेच उभी होते.
मावशी म्हणाली, "मैं बांधी. अक्कल नै मेरेकू."

आठ दिवस पंप बंद होता. वांगी माना टाकत गेली. मी बांधावर बसून रडायचे.
"रडून नोको राहू वं. तुह्या डोळ्याचं पानी वांग्याले पुरनार नाई."

नवव्या दिवशी ती कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं डालं घेऊन आली. तळ्यात उतरली आणि पाईपचं टोक डाल्याच्या मधोमध ठेवलं. डाल्याभोवती बाहेरून तीच उरलेली मच्छरदानी, पण एकपदरी. खाली दगड.

"तू त्याचं तोंडच बांधलं होतं, वैशू. तोंड बांधल्यावर कोन पानी पिईन? लांबून बांधाचं. पानी हळूहळू आत येते. मंग लेकरू ओढलं जात नाई."

माझ्या पुस्तकात हे होतं. जाळीचं क्षेत्रफळ वाढलं की पाण्याची ओढ कमी होते. परीक्षेत मी हे लिहिलंही होतं.
डोक्यात मात्र तिच्या आलं.

गावात सगळ्यांकडे ऑटो स्टार्टर आहे. करंट आला की पंप आपोआप सुरू. माणूस लागत नाही.
मावशीनं तो लावला नाही. रोज सकाळी, पंप बंद असताना, पाण्यात उतरायची. डाल्याभोवती हात फिरवून शेवाळ काढायची. मगच वर येऊन बटण दाबायची.

शेजारचे विठोबाकाका काठावरून ओरडायचे, "काऊन वो सुभद्राबाई, मासोळ्यायचं बारसं करून राह्यल्या का?"
"हो ना! एकाचं नाव विठोबा ठेवलं. त्याचं बी तोंड बंद होत नाई."

मागच्या महिन्यात तिचा फोन आला.
"पान्यात उतरलं का दम लागते वं. डालं गच्च भरलं हाये. कधी येतं तू?"

पुढचं वर लिहिलंच आहे.

मंगळवारी ती स्वतःच उतरली. डालं साफ केलं, वर आली, काठावर टेकली. तिथून उठली नाही.
डॉक्टर म्हणाले, हार्ट. घरीही झालं असतं.
सगळे मला तेच सांगतात. मी मान हलवते.

अंत्यविधीनंतर तिचा मुलगा, गजूभाऊ, मला म्हणाला, "वैशू, मी सकाळी आठले दुकानात पायजे. रोज कोन हात फिरवत बसन? ऑटो लावून टाकतो. डालं काढतो."
त्याचं चूक नाही. तो खरंच सकाळच्या बसनं जातो, अंधार पडल्यावर येतो.
मी तळ्याकडे निघाले.
मागून तोच म्हणाला, "बरं. तेरवीपर्यंत आईचंच चालू दे."

म्हणून मी सुट्टी काढून इथे आहे. रोज सकाळी उतरते. पाणी गार आहे आणि शेवाळ हाताला गुळगुळीत लागतं. ती इतकी वर्षं हे करत होती आणि मला फक्त मेथीची जुडी देताना दिसायची.

दोन दिवसांपूर्वी मरळीच्या पिल्लांचा एक तांबूस घोळका डाल्याच्या अगदी जवळून गेला. पंप सुरू होता. एकही पिल्लू ओढलं गेलं नाही.

परवा मी हॉस्टेलला परत जाणार.

आज रेखावहिनी तळ्यावर आली. मावशीची सून; सासूला आत्याबाई म्हणायची. बाळाला कडेवर घेऊन डाल्यावरचं शेवाळ पाहत होती. मग म्हणाली,
"रोजच काढा लागते का?"
"रोज."
"आत्याबाईनं मले कधी उतरू देल्लं नाई. म्हने, तुले लेकरू हाये."
"आता?"
"आता बी हायेच ना लेकरू." बाळाला दुसऱ्या कडेवर घेत म्हणाली, "पाहू."

मी तिला वचन मागितलं नाही. वचनाची किंमत मला माहीत आहे.
मी हात पुढे केले आणि बाळ माझ्याकडे घेतलं.
वहिनीनं लुगडं खोचलं आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली.
"कुठून सुरू कराचं?"
"खालून, वहिनी. शेवाळ खाली जास्त बसतं."

उद्यानंतर काय होईल, मला माहीत नाही.

मावशी, मला माफ कर.
तुला भरल्या मनानं निरोप.