नानाकाकांचा जुळा भाऊ

सेटवर किस्से का साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. मालिकेत कामापेक्षा थांबणं जास्त. लाइट लागेपर्यंत थांबा, मेकअप होईपर्यंत थांबा, शेजारच्या फार्महाउसवरचा डीजे बंद होईपर्यंत थांबा. थांबलेली माणसं बोलत बसतात, आणि बोललेलं वाढत जातं. आमचं शूटिंग पनवेलजवळ नेऱ्याला एका बंगल्यात चालतं, मी संवाद लिहितो. मालिकेचं नाव सांगत नाही. तुमच्या घरी कुणीतरी बघत असेल आणि पुढे काय होणार म्हणून मला फोन येतील.

आज फक्त नानाकाकांचे सांगतो. नानाकाका म्हणजे आमच्या मालिकेतल्या घरचे थोरले काका, बिनलग्नाचे. धाकट्या भावाची मुलगी पाण्यात पडली आणि तिला वाचवताना ते गेले. ते काम विनायकराव करायचे. आणि नानाकाकांना मारलं शुभाताईंनी, म्हणजे आमच्या कथालेखिकेनं.

* * *

तो सीन मोरा बंदराच्या धक्क्यावर होता. चॅनलच्या रिया मॅडमना सगळा आवडला, फक्त शेवट सोडून.

"ताई, बॉडी नको दाखवूया. नुसती चप्पल तरंगताना दाखवू."

"का?"

"ऑप्शन ओपन राहतो."

शुभाताई म्हणाल्या, "मालिकेत प्रेत सापडलं नाही तर शेंबडं पोरसुद्धा त्या माणसाला गेलेला धरत नाही. प्रेत सापडणार, अग्नी देणार, राखही दाखवणार. पोरीसाठी त्यानं जीव दिलाय, चप्पल नाही दिली."

मग विनायकराव ओल्या कपड्यांत धक्क्यावर प्रेत होऊन पडले. खारा वारा, अंगावर गार पाणी. ऐन क्लोजअपमध्ये त्यांना शिंक आली. नेमकी तेव्हाच लाँचमधून उतरलेली एक म्हातारी पाटी खाली ठेवून म्हणाली, "अगो, जिता हाय ह्यो!"

रिया मॅडम लगेच शुभाताईंकडे वळल्या. "बघा, पब्लिकचंही तेच म्हणणं आहे."

* * *

नानाकाका शुक्रवारी गेले. सोमवारच्या भागासाठी चॅनलकडून आलं, घरात साखरपुडा. नव्या साड्या, हसणंखिदळणं, जेवायला श्रीखंड.

शुभाताई भडकल्या. "परवा घरातला माणूस गेला आणि आज ही माणसं श्रीखंड खातायत?"

"ताई, मध्ये वीकेंड गेला ना," रिया मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं बिचारीच्या. पण शुभाताईंनी नियमच केला, या घरात वर्षभर सण नाही, गोडधोड नाही. त्यामुळे दिवाळीचा महाएपिसोड असा झाला, की आख्ख्या आळीत कंदील आणि आमच्याच दारात अंधार. शेजारणी फराळाचे डबे आणून देतात आणि काही न बोलता निघून जातात. रिया मॅडमनी डोक्याला हात लावला. वरचे लोक काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती.

भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी युनिटचं जेवण करणाऱ्या घरतकाकू भलाथोरला डबा घेऊन आल्या. आत करंज्या.

"काकू, हे कशाला?"

"त्यांच्याकडं यंदा करीत नाय ना," काकू म्हणाल्या. "पोरीचं तोंड बघवलं नाय मना."

जिच्या तोंडाकडे बघवलं नव्हतं, ती पोरगी सगळ्यांत जास्त करंज्या खाऊन संध्याकाळी पोट धरून बसली.

* * *

फोटोचा किस्सा छोटाच आहे. भिंतीवर लावायला विनायकरावांचा फोटो काढायचा होता, चंदनाचा हार घालून. विनायकराव काही केल्या समाधानी होईनात. डावी बाजू बरी दिसते म्हणे, हनुवटी जरा वर हवी म्हणे. फोटोग्राफर वैतागला तेव्हा म्हणाले, "बाबा रे, तू आता जाशील घरी. मला तिथंच राहायचंय."

आणि एवढा सजवलेला फोटो आर्ट डिपार्टमेंटनं नेऊन लावला कुठे, तर स्विचबोर्डवर. बोर्ड फ्रेममध्ये वाईट दिसत होता म्हणून. शुभाताईंनी स्वतः स्टुलावर चढून तो काढला.

खाली उतरता उतरता मला म्हणाल्या, "भिंतीवर लावला की माणूस संपला. आठ दिवसांत कुणी वर बघत नाही. त्याच्यावाचून काहीतरी अडलं पाहिजे."

* * *

म्हणून त्यांनी गॅस संपवला.

मालिकेतल्या घरात सिलिंडर बदलायचं काम कायम नानाकाकांचं. ते असताना आम्ही दोन-तीनदा सहज दाखवलेलंही होतं. आता पोळ्या चालू असताना गॅस जातो, सगळे स्वयंपाकघरात जमतात आणि एकमेकांची तोंडं बघतात. धाकट्या भावानं रेग्युलेटर बसवायचा, एवढाच सीन. संवाद एकही नव्हता, म्हणून त्या दिवशी मी निवांत होतो.

पण भावाचं काम करणाऱ्या नटाला खरोखरच तो रेग्युलेटर बसवता येईना. दाबतोय, फिरवतोय, घामाघूम झाला. डायरेक्टरनी कट म्हटलं नाही. शेवटी तो सिलिंडरपाशी खाली बसला आणि मी न लिहिलेलं वाक्य बोलला, "नाना, अरे हे लावायचं कसं?"

घरी गेल्यावर मी बायकोला सिलिंडर बदलायला शिकव म्हटलं, ती हसली आणि तिनं शिकवलं.

तो भाग तुफान चालला. रिया मॅडमचा आनंदानं फोन आला. "ताई, जमलं! लोकांना नानाकाका हवेत. आपण त्यांना परत आणतोय."

शुभाताईंना आधी ही थट्टाच वाटली.

"परत म्हणजे ते नाही हो. जुळा भाऊ. दुबईचा."

"अहो, तोच चेहरा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला, तर पोरीसाठी कुणी काही दिलं होतं हे उरेल का?"

"पण ताई, जुळा आहे ना."

निर्णय वरून आला होता. शुभाताईंचं काही चाललं नाही. त्या पायऱ्यांवर बसून राहिल्या, चहासुद्धा घेतला नाही. आणि त्यांना विनायकरावांवर रागावताही येईना. नानाकाका गेल्यापासून त्या माणसाला दुसरं काम मिळालं नव्हतं. नवीन पनवेलच्या घरी बसून कंटाळले होते, हप्ते होते, बायकोचं दुखणं होतं. बातमी कळल्यावर ते पेढे घेऊनच सेटवर आले.

* * *

त्याच आठवड्यात विनायकराव पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला गेले. कोळीणबाई पापलेट तोलता तोलता थांबली आणि निरखून बघायला लागली.

"तुमी तर बुडालात ना?"

विनायकराव खूश. कलावंतच ते. हळूच सांगून टाकलं, "येतोय परत. सोमवारपासून."

बाईनं पापलेट परत पाटीत ठेवलं. "कशाला येताव? चांगले गेलाव पोरीसाठी. माज्या नातीला सांगलंय मी, मानूस असा असावा."

विनायकराव रिकामी पिशवी घेऊन घरी गेले. हे त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितलं.

* * *

आणि मग तो दिवस. नानाकाकांचं वर्षश्राद्ध. अंगणात कावळ्यासाठी पान वाढायचं, कावळा घास घेतो, तेवढ्यात फाटकात गाडी थांबते आणि दुबईचा भाऊ उतरतो, असा सीन. विनायकराव सूट आणि गॉगल घालून गाडीत बसलेले.

नेऱ्याला कावळ्यांना तोटा नाही. एरवी आमच्या हातातली भजी पळवतात. त्या दिवशी आंब्यावर ओळीनं बसले, पण एक खाली येईना. पान बदललं, दहीभाताशेजारी वडा ठेवला, सगळे लांब उभे राहिले. उन्हं कलायला लागली.

घरतकाकू ओट्यावरून म्हणाल्या, "इच्छा ऱ्हायलीय कायतरी. शब्द द्या कुनीतरी."

आधी सगळे हसले. मग पोरगी पुढे झाली. "काका, मी पोहायला शिकेन." कावळा हलला नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "नाना, घर मी सांभाळीन." नाही. डायरेक्टर म्हणाले, "यापुढे पॅकअप वेळेवर करीन." त्यावर युनिटचाच विश्वास नव्हता.

मग सगळ्यांनी रिया मॅडमकडे बघितलं. शुभाताईंनीही.

"माझ्याकडे काय बघता," त्या कावऱ्याबावऱ्या होऊन म्हणाल्या, "मला वरून अप्रूव्हल घ्यावं लागेल."

गाडीचं दार वाजलं. विनायकराव उतरले. गॉगल काढून खिशात ठेवला, बूट काढले, मोजेही काढले, आणि त्या सुटात अंगण ओलांडून पानासमोर येऊन उभे राहिले. पाटावर त्यांचाच फोटो होता, हनुवटी जरा वर केलेला. त्यांनी हात जोडले.

"नाना," ते म्हणाले, "मी येत नाही."

आंब्यावरून कावळा उतरला.