गुलाबी चपलांचा जोड

आमचा म्हातारा, तान शौगन, बोलण्यात महाकंजूस. सव्वीस वर्षं त्यानं चीनच्या हुनान प्रांतातल्या आमच्या या नदीतून वाळू उपसली. पुढे वाळूच्या बोटी बंद झाल्या, तळाचे खड्डे मात्र तसेच राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पाण्यात उतरायला लागली, की हा जेवून काठावर येऊन बसायचा.

"या राखणीबद्दल कुणी हार घालणार आहे का तुला?" मी टोमणा मारायची.

"खड्डे मी खणलेत," म्हणायचा. बस्स, एवढंच.

त्या दुपारी मी घाटाच्या पायऱ्यांवर चादरी धूत होते. पाण्यातून पोरांची किंकाळी आली आणि म्हातारा कपड्यांसकट आत शिरला. शेवयांच्या दुकानातला पेंग धावत आला. त्याला पोहता येत नाही, तरी गळ्यापर्यंत आत गेला. कपडे वाळत घालायच्या माझ्या बांबूचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. म्हाताऱ्यानं एक पोरगा बांबूपर्यंत आणला, मग दुसरा. दोघं भाऊ, आठ-दहा वर्षांचे.

"अजून कोण होतं?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"कुणी नाही," थोरला म्हणाला.

म्हातारा पायरीवर कोसळला. ओठ निळे पडलेले. वय सहासष्ट, गेल्याच वर्षी हृदयात स्टेंट बसवलेला. मी त्याची पाठ चोळत होते, तेव्हा माझ्या टोपलीशेजारी चपला दिसल्या. दोन जोड पोरांचे. तिसरा गुलाबी, माझ्या तळहाताएवढा.

मी त्यावर टोपली सरकवली. हो, सरकवली. हा पुन्हा आत गेला तर परत येत नाही, एवढंच डोक्यात होतं. धुणं बघत बसले.

मग मीच टोपली उचलली. "शौगन, अजून एक आहे."

थोरला रडायला लागला. "दोउदोउ... आमची बहीण. तिला नेऊ नको म्हणाली होती आई."

म्हाताऱ्यानं कुठे म्हणून विचारलं नाही. खड्डा त्याच्या ओळखीचा होता. त्यानं बुडी मारली आणि मी बांबू घट्ट धरून उभी राहिले. पाणी हलेना. शेवटी तो वर आला तो तिला केसांना धरूनच. पेंगनं तिच्या तोंडात श्वास भरला, छाती दाबली, तेव्हा ती खोकली.

दोउदोउ आता शाळेतून थेट आमच्याकडे येते. मला आजी म्हणते. म्हातारा तिला माशाचे काटे काढून देतो. बोलताना ती अडखळते. डॉक्टर म्हणतात, जरा जास्तच वेळ पाण्याखाली राहिली.

किती जास्त, ते त्यांना सांगता येत नाही. मला येतं.