मंगलाने लावलेला अर्थ

इरा, निनाद — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आज लिहायला बसले आहे आणि पूर्ण करूनच उठणार आहे.

परवा फोनवर इरा म्हणाली, तिनं वर्गात त्या जुन्या इंग्रजी कवितेचा अर्थ सांगितला — "माझ्या आजीनं लावलेला" म्हणून — आणि सर खूश झाले. मी काय म्हणाले? "शाब्बास." तो अर्थ माझा नाही गं.

धुळ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. कशी शिकवायचे, ते नाही. गाइडमधलं रसग्रहण सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचं, समास सोडून, आणि वर्गात ते लिहून द्यायचं. यमक, उपमा, कवीचा काळ — सगळं जागच्या जागी. कविता कळत होती का? नाही.

त्या कवितेत बायको गेलेला एक माणूस बागेतल्या फुलांशी बोलतो. 'निसर्गाच्या सान्निध्यात शोक शांत होतो,' असं मी लिहून देत होते — तोच मंगला उभी राहिली. शिरपूरकडच्या केळीवाल्यांची मुलगी.

"मॅडम, तो शांत नही शे. त्याले राग शे. मन्ही माय गई तवय मन्हा बापनी घडसगट केळी कापी टाकी."

बापानं घडांसकट उभी केळी कापून टाकली होती. आई गेली तरी केळी वाढतेच कशी, हा तो राग. मला ते तिथेच, त्या क्षणी कळलं होतं — हे मुद्दाम लिहिते आहे. आणि तरी मी विचारलं, "इंग्लंडात केळी पिकते का गं, मंगला?" वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. पुन्हा माझ्या तासाला कधी बोलली नाही.

पुढच्या वर्षी जळगावला प्राध्यापकांसमोर मी तोच अर्थ मांडला, स्वतःचा म्हणून. केळी तेवढी वगळली. टाळ्या पडल्या. मग वर्षानुवर्षं तसंच शिकवलं — शेवटी तुम्हालाही.

मागच्या दिवाळीत मंगला धुळ्याच्या स्टँडवर भेटली. केस पिकलेले, सोबत सून. वाकून नमस्कार केला आणि सुनेला म्हणाली, "या मन्ह्या मॅडम. कविता यासनीच शिकाडी."

सांगता आलं असतं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती — मी घड्याळ पाहिलं होतं. मी हसले, "सुखी राहा" म्हणाले, आणि भुसावळच्या गाडीत जाऊन बसले.