डाव्या कमरेवरची टोपली

लेकीच्या गणवेशाची खालची कड आज पुन्हा एका बाजूला वर दिसली आणि मला एकदम वाळत्या बांगडा माशांचा वास आला.

मी बारा वर्षांची होते. मालवणच्या किनाऱ्यावर आईबरोबर वाळूत मासे पसरत होते. ओणवी झाले तेव्हा आईचा हात माझ्या पाठीवर येऊन थांबला. ओलं पोलकं अंगाला चिकटलेलं, आणि पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा उंच. तिची खरखरीत बोटं मणक्यावरून खाली येता येता एका बाजूला वळली.

"टोपली एकाच कमरेर घेतंस गो," ती म्हणाली. "उद्यापासून डाव्या कमरेर घे. पाठ सरळ होतली."

दोन वर्षं मी टोपली डावीकडे घेतली. त्याच दोन वर्षांत मी भराभर उंच झाले आणि पाठीचा बाकही माझ्याबरोबर वाढला. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा पट्टा बांधून उपयोग होण्याची वेळ टळली होती.

लेकीचा बाक अजून लहान आहे. वाढीचं वय आहे, सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू, असं तिचे डॉक्टर म्हणतात. ओझ्याने हे होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण मला सहा महिने धीर कुठला? रोज सकाळी तिला वाकायला लावते.

"आई, कालच बघितलंस ना," ती वैतागते.

ओझ्याचं मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तरी तिका टोपली उचलूक लाव नको गो."