उंबऱ्यावरची नमो मरिया

मी रागीट माणूस. रोज संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणायचो आणि अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ आली की गप्प बसायचो. निदान देवाशी खोटं बोलत नाही, एवढाच काय तो ताठा. माझा राग काढून घे, असं मी कधी मागतही नव्हतो.

आई गेली तेव्हा मी कुवेतला नोकरीवर होतो. थांबा, मी निघालोय, असं दादाला फोनवर सांगितलं होतं. गावी, डोंगरीला पोचलो तर आईला मातीआड करून झालं होतं. तिचा चेहरा पाहायचा राहिला. त्या ताज्या मातीपाशी मी सगळ्यांसमोर दादाला म्हणालो, "तुझ्या मयताला मी येणार नाही."

पुढे नोकरी सोडून परत आलो, तरी बोलणं बंदच. आमची घरं एकमेकांना लागून. तो समोर दिसला की डोक्यात तिडीक जायची, अन्न गोड लागायचं नाही, बायको-मुलं माझ्यासमोर दबकून वागायची. गेल्या वर्षी दादाच्या पोटात कॅन्सर निघाला. भिंतीपलीकडून त्याचं कण्हणं ऐकू येई आणि मी टीव्हीचा आवाज वाढवी.

ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, आमच्या पाखाडीतल्या, म्हणजे आळीतल्या घराघरांतून पवित्र मातेची मूर्ती फिरते. एका घराने ती पुढच्या दारी न्यायची, उंबऱ्यावर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून धरायची, एक नमो मरिया म्हणायची, मग देणाऱ्याने हात काढायचे. आमच्याकडून मूर्ती दादाकडे जाते. दरवर्षी बायको नेई, पण नेमका त्या दिवशी तिला ताप भरला. मूर्तीची पाळी आमच्यात कुणी चुकवत नाही. प्रार्थना उरकायची आणि मागे फिरायचं, असं ठरवून मी निघालो.

वहिनी आत मेणबत्त्या लावत होती. दादा हट्टाने स्वतः दारात उभा होता. अंगावरचा शर्ट नुसता लोंबत होता. आम्ही नमो मरिया म्हटली. मी हात सैल केले तशी मूर्ती कलंडली, कारण त्याच्या हातांत बळच उरलं नव्हतं. मी पुन्हा घट्ट धरली. तसेच दोघं मूर्ती धरून उंबरा ओलांडून घरातल्या आल्तारापर्यंत, देव्हाऱ्यापर्यंत गेलो. इतक्या वर्षांत मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं.

दादाला धाप लागली होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तू थांबा बोललेला. सगले घाई करीत व्हते, मना न्हाय म्हणाला जमला न्हाय. माजा चुकला."

त्याने सगळं लोकांवर ढकललं असतं तर मी भांडलो असतो. त्याने चूक स्वतःकडे घेतली. मग शेजारीपाजारी जमले, प्रार्थना सुरू झाली. क्षमेची ती ओळ आली आणि माझ्या तोंडून बाहेर पडली. कशी, ते मला आजही सांगता येत नाही. दादा रडत होता.

नाताळाच्या आधी तो गेला. त्याची मुलगी दुबईला नर्स आहे. तिचं विमान सकाळी पोचणार होतं आणि लोक म्हणत होते, संध्याकाळीच उरकून टाकू. फोनवर ती म्हणाली, "काका, थांबाल ना?" खोटं कशाला सांगू, जुना राग उसळला. क्षणभर वाटलं, चेहरा पाहायचा राहणं काय असतं, कळू दे हिलाही. मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, हा बघ, आला परत. मला आवरत नाही, तूच घे. मग लोकांना सांगितलं की थांबायचं, आणि भाईंदरहून मयत ठेवायची बर्फाची पेटी मागवली.

ज्या मयताला येणार नाही म्हणालो होतो, त्याच्या उशाशी सकाळपर्यंत बसून राहिलो. दादासाठी रडलो आणि आईसाठीही. राग अजून येतो. आला की तसाच प्रभूपुढे नेऊन ठेवतो. दादाच्या घराचा उंबरा मला प्रभूनेच ओलांडायला लावला, हे उपकार मी विसरणार नाही.

आईचा चेहरा पाहायचा राहिला, तो राहिलाच. सकाळी पुतणी आली. मी पेटीचं झाकण उघडलं आणि तिला बापापाशी जागा करून दिली.